आधी त्याच्याकडे जा: रोजच्या नात्यांतील वाद ख्रिस्ती रीतीने मिटवताना

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात, पंधराव्या वचनापासून पुढे, प्रभू येशूने वाद मिटवण्याचा क्रम सांगितला आहे. भावाने तुझा अपराध केला तर आधी तू स्वतः त्याच्याकडे जा आणि तुम्ही दोघेच असताना त्याला त्याची चूक दाखव. त्याने ऐकले नाही तर आणखी एकदोघांना बरोबर घे. त्यांचेही ऐकले नाही तर मग मंडळीला सांग. हे वचन आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ आहे, आणि तरीही इंदूरच्या आमच्या मंडळीत महिला मंडळाचे काम करताना हा क्रम पाळलेला मी क्वचितच पाहिला. बहुतेक वेळा तो नेमका उलटा चालतो. आधी मंडळीला कळते, मग आपापल्या बाजूचे एकदोघे जमवले जातात, आणि ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याला ती सर्वांत शेवटी, तीही तिसऱ्याच्या तोंडून कळते. मला या लेखात मुख्यतः या क्रमाविषयीच सांगायचे आहे. पुढे दिलेल्या बाकीच्या पायऱ्या हा क्रम पाळता यावा म्हणून आहेत.

मी हे स्वतःच्या चुकीतून शिकले. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्या आमच्याकडे होत्या आणि धाकटी जाऊ शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होती. रात्रीची जागरणे, कपडे, पथ्याचे जेवण या सगळ्याने मी थकले होते. बुधवारच्या घरगुती प्रार्थनासभेत मी विनंती मांडली की सासूबाईंचे सगळे मला एकटीलाच करावे लागते, कोणी विचारायलाही येत नाही, तेव्हा माझ्यासाठी प्रार्थना करा. विनंती प्रार्थनेची होती, पण तिच्या पोटात तक्रार होती, आणि ती कोणाविषयी आहे हे तिथे बसलेल्या प्रत्येकीला समजले. रविवारी ते जावेच्या कानावर गेले. पुढे नऊ महिने तिने आमच्या घराचा उंबरठा ओलांडला नाही. औषधे माझे यजमान आणत आणि पैसेही तेच देतात असे मी धरून चालले होते. नंतर कळले की औषधाच्या दुकानातले खाते दर महिन्याला जाऊच फेडत होती आणि हे कोणाला सांगू नका असे तिने त्यांना बजावले होते. मी एकदा तिच्याकडे जाऊन "मला आता एकटीला झेपत नाही, आपण काय करू या?" एवढे विचारले असते तर ही गोष्ट मला पहिल्या पाच मिनिटांत समजली असती.

म्हणून सुरुवातीलाच एक पथ्य सांगते. ज्या माणसाशी अजून आपण बोललो नाही, त्याच्याविषयी प्रार्थनेची विनंतीही मांडू नये. "एका नात्यात मला शहाणपण हवे आहे" एवढे म्हटले तरी देवाला पुरते. फार कोंडमारा होत असेल तर पाळकांशी किंवा एखाद्या जाणत्या, तोंड मिटून राहणाऱ्या व्यक्तीशी बोलावे, पण त्या भेटीचा हेतू "मी त्याच्याकडे कशी जाऊ?" हा असावा. "तो कसा आहे ते ऐका" हा हेतू असेल तर ती भेट टाळलेली बरी. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाला उद्देशून वचन टाकणे हा तर या उलट्या क्रमाचा सर्वांत वाईट नमुना आहे, कारण तिथे देवाचे वचनच टोमणा म्हणून वापरले जाते.

जायचे कोणी

"चूक त्याची आहे, मग मी का जाऊ?" हा प्रश्न सर्वांत आधी येतो. याचे उत्तर मिळवायला मत्तयाची दोन वचने शेजारी ठेवून वाचावी लागतात. अठराव्या अध्यायात, ज्याचा अपराध झाला आहे त्याला "तू जा" असे सांगितले आहे. पाचव्या अध्यायात, तेविसाव्या आणि चोविसाव्या वचनांत, वेदीपाशी अर्पण आणलेल्या माणसाला जर आठवले की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून "आधी जा आणि समेट कर" असे सांगितले आहे. म्हणजे दुखावला गेलेलाही मीच जायचे आणि दुखावणाराही मीच जायचे. दुसऱ्याची वाट पाहत बसण्याची सोय दोघांपैकी कोणालाच ठेवलेली नाही. येशूचे ऐकणारे लोक गालीलातले होते आणि अर्पणाची वेदी यरुशलेमेत होती, ही गोष्टही लक्षात घ्यावी. अर्पण तिथे ठेवून गालीलात घरी जाऊन भावाशी समेट करून परत यायचे म्हणजे एका बाजूलाच शंभर किलोमीटरांहून जास्त, कित्येक दिवसांची पायी वाट होती. आपल्याला बहुधा शहरातल्या शहरात, राजवाड्याहून विजयनगरपर्यंतच जायचे असते.

वाद कोणत्या जातीचा आहे

जाण्याआधी वादाची जात ओळखावी, कारण प्रत्येक वादाचे औषध वेगळे असते. काही वाद निव्वळ गैरसमजाचे असतात आणि ते एका प्रश्नाने सुटतात. काहींत खरोखर कोणीतरी कोणाचा अपराध केलेला असतो. तिथे पापकबुली, क्षमा आणि भरपाई लागते. पण घरातले कितीतरी वाद व्यवस्थेचे असतात, आणि त्यांना आपण उगीच स्वभावाचे किंवा विश्वासाचे वाद समजतो.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात असा एक वाद आहे. यरुशलेमेच्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना प्रीतीवर प्रवचन दिले नाही आणि वाटप करणाऱ्यांना दोषही दिला नाही. त्यांनी सात माणसे नेमून काम त्यांच्या हाती दिले. स्तेफन, फिलिप्प आणि इतर पाच जणांची नावे तिथे दिली आहेत आणि ती सातही नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्यातून तक्रार आली होती, बहुधा त्यांच्यातल्याच लोकांवर विश्वास टाकला गेला.

एकत्र कुटुंबात स्वयंपाकाची पाळी, विजेचे बिल, आईवडिलांना दवाखान्यात नेणे, कामवाल्या बाईचा पगार यांवरून जे पेटते, त्यात पुष्कळदा कोणाचेही पाप नसते, फक्त कोणी काय करायचे हे कधी ठरलेलेच नसते. अशा वेळी माफी मागत बसण्यापेक्षा कागद-पेन घेऊन बसावे. सासूबाईंच्या बाबतीत आमचा अर्धा वाद याच जातीचा होता. नंतर आम्ही दोघी जावांनी आठवड्याचे दिवस वाटून घेतले आणि एका वहीत औषधांचा खर्च लिहायला लागलो, तेव्हा कित्येक गोष्टी बोलण्याचीही गरज उरली नाही.

कुसळ आणि मुसळ

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते आणि आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, ही म्हण म्हणून आपण सगळेच वापरतो. मत्तयाच्या सातव्या अध्यायात ते येशूचे वचन म्हणून येते. मात्र म्हण जिथे थांबते तिथे वचन थांबत नाही. आधी आपल्या डोळ्यातले मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल, असे येशू पुढे म्हणतो. कुसळ आहे हे त्याने नाकारलेले नाही आणि ते काढायचेच आहे. म्हणून "मी तरी कुठे चांगली आहे" असे म्हणून गप्प बसणे म्हणजे हे वचन पाळणे नव्हे.

हे करण्याची माझी रीत साधी आहे. एका कागदावर मधोमध रेघ मारावी. डावीकडे त्या माणसाने नेमके काय केले ते लिहावे, म्हणजे दिवस, शब्द, कृती. "तो असाच आहे" असे काही लिहू नये. उजवीकडे आपण काय केले, काय बोललो, काय बोलायचे टाळले आणि कोणाकोणाला सांगितले ते लिहावे. उजवी बाजू कोरी राहिली तर त्या दिवशी जाऊ नये, कारण बहुधा आपण अजून मुसळापर्यंत पोचलेलो नसतो. माझ्या कागदावर उजवीकडे बुधवारची प्रार्थनासभा लिहायला मला तीन दिवस लागले. कागद नंतर फाडून टाकावा, म्हणजे तो कधी कोणाच्या हाती लागत नाही.

वेळ आणि जागा

इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात सूर्य मावळेपर्यंत राग राहू देऊ नका असे म्हटले आहे, आणि त्याचा अर्थ कित्येक जोडपी असा घेतात की रात्री बारापर्यंत जागून भांडण संपवलेच पाहिजे. मला हा अर्थ योग्य वाटत नाही. थकलेला माणूस रात्री उशिरा जे बोलतो ते त्याला सकाळी आठवतही नाही, पण ऐकणाऱ्याला जन्मभर आठवते. राग मुरू द्यायचा नाही, हा त्या वचनाचा रोख आहे. "आत्ता मला नीट बोलता येणार नाही, उद्या सकाळी चहानंतर बोलू या" असे म्हणून वेळ ठरवली आणि ती पाळली, तर राग रात्रभर मनात घर करून राहत नाही.

जागेविषयी योहानाचा एकविसावा अध्याय वाचावा. पेत्राने तीन वेळा येशूला नाकारले होते, आणि तेही कोळशांच्या शेकोटीपाशी उभे राहून. पुनरुत्थानानंतर येशूने तिबिर्याच्या समुद्रकाठी पुन्हा कोळशांचा विस्तव पेटवला, त्यावर मासळी ठेवली, सगळ्यांना न्याहारी दिली, आणि मग, त्यांची न्याहारी झाल्यावर, पेत्राला तीन वेळा विचारले की तू माझ्यावर प्रीती करतोस काय. आधी खाणे आणि मग प्रश्न, हा क्रमही शिकण्यासारखा आहे. मी जावेकडे गेले ती शनिवारी सकाळी गेले, तिच्यासाठी पोहे-जिलबी बांधून घेतली, आणि खाणे होईपर्यंत मुद्द्याचे काही बोलले नाही. शनिवार निवडला कारण दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होते. आमच्या मंडळीत ते महिन्याच्या पहिल्या रविवारी असते, आणि करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात प्रत्येकाने आत्मपरीक्षा करून मगच भाकर खावी असे सांगितले आहे. ज्यांना जाण्याची तारीख ठरवता येत नाही त्यांनी प्रभुभोजनाच्या आदला शनिवार ही तारीख धरावी. सणाचा दिवस, लग्नघर आणि स्मरणप्रार्थना मात्र टाळाव्यात. तिथे पाहुणे असतात आणि माणूस पाहुण्यांसमोर स्वतःची बाजू सोडत नाही.

फोनवर बोलण्यापेक्षा समोर बसून बोलावे. दूर असाल तर फोन करावा, पण लांबलचक संदेश लिहू नये आणि आवाज रेकॉर्ड करूनही पाठवू नये, कारण ते पुढे कोणाकोणाकडे जाईल यावर आपला ताबा राहत नाही, आणि मग "तुम्ही दोघेच असताना" ही अट मोडते.

बोलताना

याकोबाच्या पत्रात, पहिल्या अध्यायाच्या एकोणिसाव्या वचनात, ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश आणि रागाला मंद असावे असे तीन सल्ले एका ओळीत दिले आहेत, आणि त्यांतला पहिला सर्वांत अवघड आहे. नीतिसूत्रांच्या अठराव्या अध्यायात याला जोडून दोन निरीक्षणे आहेत. ऐकून घेण्याआधी उत्तर देणे हा मूर्खपणा आहे, हे तेराव्या वचनात आहे; आणि जो आधी आपली बाजू मांडतो तो खरा वाटतो, पण दुसरा येऊन त्याची तपासणी करतो, हे सतराव्या. म्हणून गेल्यावर आपली बाजू थोडक्यात सांगून लगेच प्रश्न विचारावा.

घटना, तिचा आपल्यावर झालेला परिणाम आणि प्रश्न, एवढेच सुरुवातीला असावे. "वहिनी, परवा पाहुण्यांसमोर तुम्ही माझ्या नोकरीबद्दल बोललात ते मला लागलं. तुमच्या मनात काय होतं ते मला ऐकायचंय." यात आरोप नाही, तरी काही लपवलेलेही नाही. "तुम्ही नेहमीच असं करता" असे म्हटले की समोरचा लगेच असा एखादा दिवस आठवून सांगतो ज्या दिवशी त्याने तसे केले नव्हते, आणि मूळ गोष्ट बाजूला पडते. समोरचा बोलून झाल्यावर त्याचे म्हणणे आपल्या शब्दांत परत सांगावे आणि "मला बरोबर समजलं का?" असे विचारावे. हे कृत्रिम वाटते, पण यामुळे जितके वाद उलगडलेले मी पाहिले आहेत तितके दुसऱ्या कशानेही नाहीत.

आमच्या इंदूरच्या मराठी घरांत एक खूण मला नेहमी उपयोगी पडली आहे. बोलणे मराठीत चाललेले असते, पण आवाज चढला की माणसे नकळत हिंदीवर येतात, जणू परक्याशी बोलावे तशी. असे झाले की मी थांबते, पाणी मागते, आणि पुन्हा मराठीत, नात्याच्या नावाने हाक मारून सुरुवात करते. ते जमले नाही तर त्या दिवसापुरते उठावे. उठताना पुढची वेळ मात्र ठरवून उठावे.

क्षमा मागणे

जुन्या करारात दोन राजांच्या दोन कबुल्या आहेत. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात शौल म्हणतो की मी पाप केले आहे, पण लोकांची भीती वाटली म्हणून केले. आणि पुढे लगेच विनंती करतो की निदान वडीलजनांसमोर माझा मान राख. दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात नाथान संदेष्टा दाविदाला त्याचा अपराध दाखवतो तेव्हा दाविदाचे उत्तर एका वाक्याचे आहे: मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे. त्यात कारण नाही आणि मागणीही नाही. लूकाच्या पंधराव्या अध्यायातला उडाऊ पुत्रही घरी निघण्याआधी आपले शब्द मनात तयार करतो, आणि त्या शब्दांत कुठेही "पण" नाही. म्हणून मी सांगते की माफीचे वाक्य घरून तयार करून न्यावे; आयत्या वेळी सुचलेल्या माफीत "पण" हमखास शिरतो.

"तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" ही माफी नव्हे, कारण तिच्यात चूक ऐकणाऱ्याच्या मनाची ठरते. "माझं चुकलं" या मराठीतल्या दोन शब्दांची बरोबरी सॉरी करत नाही आणि घाईत म्हटलेले "माफ कर दो"ही करत नाही. त्यापुढे काय चुकले ते नाव घेऊन सांगावे. मी जावेला म्हटले, "माझं चुकलं. तुझ्याशी न बोलता मी सभेत तुझ्याबद्दल सांगितलं, आणि तेही प्रार्थनेच्या नावाखाली." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, मला सगळ्यांसमोर लाज वाटली, ते मी एवढ्यात विसरू शकणार नाही." मी त्यावर स्पष्टीकरण दिले नाही, आणि त्या दिवशी मी केलेल्या गोष्टींपैकी तीच सर्वांत बरोबर होती असे मला आजही वाटते.

यातून एक नियम निघतो, आणि तो मी प्रत्येकाला सांगते: चूक जितक्या लोकांसमोर झाली तितक्याच लोकांसमोर ती कबूल करावी. दोघांत झालेली चूक दोघांतच राहू द्यावी. तिची जाहीर कबुली देणे म्हणजे समोरच्याला पुन्हा उघडे पाडणे होय. माझी चूक सभेत झाली होती, म्हणून पुढच्या बुधवारी, जावेला आधी विचारून, मी त्याच बायकांसमोर सांगितले की मी अर्धवट माहितीवर बोलले आणि ते खोटे होते.

पैशाचे किंवा वस्तूचे नुकसान झाले असेल तर शब्दांवर थांबू नये. लेवीय पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात, फसवून घेतलेली वस्तू परत करताना तिच्या किमतीचा पाचवा हिस्सा वर घालून द्यावा असा नियम आहे, आणि लूकाच्या एकोणिसाव्या अध्यायात जक्कय नावाच्या जकातदाराने तर चौपट परत करण्याचे ठरवले.

क्षमा करणे आणि विश्वास ठेवणे

पेत्राने विचारले की भावाला सात वेळा क्षमा करावी काय, तेव्हा येशूने सातवर न थांबता सत्तरची भाषा केली. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात काइनाचा वंशज लामेख बढाई मारतो की काइनाबद्दल सातपट सूड, तर माझ्याबद्दल सत्याहत्तरपट. सूडाची जी मोजणी तिथे सुरू झाली होती ती येशू इथे उलटी फिरवतो.

त्यापुढचा दाखला दोन कर्जांचा आहे. एका दासाला दहा हजार टॅलेंटचे कर्ज माफ होते आणि तो सोबतीच्या दासाचा शंभर दीनारांसाठी गळा धरतो. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एक टॅलेंट म्हणजे सुमारे सहा हजार दीनार; म्हणजे पहिले कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे होते. पण शंभर दीनारही थोडे नव्हेत, तीन महिन्यांहून जास्त दिवसांची ती कमाई आहे. आपले दुखणे क्षुल्लक आहे असे हा दाखला म्हणत नाही, हे मला दुखावलेल्या माणसाला आवर्जून सांगावेसे वाटते. देणे खरे आहे, आणि तरीही ते सोडता येते, कारण त्याहून कितीतरी मोठे देणे आपल्याला आधीच माफ झाले आहे.

क्षमा करणे म्हणजे लगेच पूर्वीसारखा विश्वास ठेवणे मात्र नव्हे. योसेफाने मिसरात, आपल्याला विकून टाकलेल्या भावांना ओळखले, त्यांच्यासाठी एकांतात रडला, त्यांची पोती धान्याने भरून दिली; पण मी योसेफ आहे हे त्याने लगेच सांगितले नाही. उत्पत्तीच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायात यहूदा धाकट्या बन्यामिनाच्या जागी स्वतः दास व्हायला तयार झाला, तेव्हा भाऊ बदलले आहेत हे त्याला दिसले, आणि मग त्याने स्वतःला प्रकट केले. उसने नेऊन दोनदा बुडवणाऱ्या मेव्हण्याला मनापासून क्षमा करावी आणि तिसऱ्यांदा पैसे देऊ नयेत, यात काही विसंगती नाही.

जिथे एकटे जायचे नाही

मारहाण, धमकी, लैंगिक अत्याचार किंवा मुलांचा छळ असेल तिथे "एकटी त्याच्याकडे जा" हे वचन लावू नये. ते वचन भावाला मिळवण्यासाठी आहे, बळी पडलेल्या व्यक्तीला पुन्हा धोक्यात ढकलण्यासाठी नाही. शौलाने दाविदाला मारण्याचा प्रयत्न केला, दाविदाने हाती सापडलेल्या शौलाला जिवंत सोडले, शौल रडला, चूक कबूल केली. आणि त्यानंतर शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायाच्या शेवटी लिहिले आहे की शौल घरी गेला आणि दावीद आपल्या माणसांसह गडावर गेला. क्षमा झाली, पण दावीद राजवाड्यात परतला नाही. अशा घरातल्या बाईला "सहन कर, प्रार्थना कर" असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे वचन पुन्हा वाचावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याखाली तिला राहत्या घरात राहण्याचा आणि संरक्षण मागण्याचा हक्क आहे. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक मंडळीच्या सूचनाफलकावर लावलेले असावेत.

मध्यस्थ

दोघांचे बोलणे होऊनही गाठ सुटली नाही तर एकदोघांना बरोबर घ्यायचे. ते साक्षीदार आहेत, आपली फौज नव्हे, म्हणून दोन्ही बाजूंना मान्य असलेली व्यक्तीच निवडावी. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल युवदीया आणि सुंतुखे या दोन स्त्रियांना एकचित्त होण्याची विनंती करतो, आणि विनंतीचा तोच शब्द तो दोघींसाठी दोनदा, स्वतंत्रपणे वापरतो, कोणा एकीकडे झुकत नाही. त्यांचा वाद कशाचा होता हेही तो लिहीत नाही. मध्यस्थाने एवढे दोन गुण उचलले तरी काम होते. फिलेमोनाच्या पत्रात तर तो एक पाऊल पुढे जातो आणि लिहितो की तुझा दास अनेसिम याचे काही देणे असेल तर ते माझ्या नावावर मांड. मध्यस्थी करणाऱ्याला कधी कधी स्वतःच्या खिशात हात घालावा लागतो.

भावाबहिणींतले घराचे वाद मध्यस्थाकडे सर्वांत जास्त येतात, आणि तिथे भावनेआधी कायदा माहीत असावा. मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती कुटुंबाला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. वडील वारले तर आईला एक तृतीयांश आणि उरलेले मुलामुलींत समान वाटले जाते. मुलगा आणि मुलगी असा भेद त्यात नाही. "बहिणी हिस्सा सोडतातच" असे म्हणून तिच्यापुढे सहीचा कागद सरकवणे हे समेटाचे काम नव्हे. तिने आपखुशीने सोडला तर ती गोष्ट वेगळी. जे ठरेल ते वकिलाकडून लिहून घ्यावे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौलाचा आक्षेप भावाने भावाला कोर्टात खेचण्यावर आहे, लिखापढीवर नाही.

मंडळीचेही ऐकले नाही तर त्याला परराष्ट्रीय आणि जकातदारासारखा समज, हे मत्तयाच्या अठराव्या अध्यायातल्या क्रमाचे शेवटचे वाक्य बहिष्कारासाठी वापरले जाते. ते ज्या शुभवर्तमानात आले आहे, त्यातच मत्तय हा जकातदार असल्याचे आणि येशू जकातदारांच्या पंगतीला बसल्याचे लिहिले आहे, हे विसरू नये.

मंडळीबाहेरची माणसे

शेजारी ख्रिस्ती नसेल तर त्याच्यासमोर वचने म्हणू नयेत, ती स्वतः पाळावीत. इंदूरला नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटरवरून पंपांनी चढवून आणले जाते आणि बहुतेक वस्त्यांत ते एक दिवसाआड येते, त्यामुळे कोणी नळाला थेट मोटर लावली की पुढच्या घराची धार बारीक होते आणि गल्लीत भांडण पेटते. अशा वेळी तक्रार नोंदवण्याआधी त्या घरी जाऊन, आपलीही मोटर असेल तर आधी ती काढून, बोलावे. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात सर्वांबरोबर शांतीने राहण्याची आज्ञा आहे, पण तिला दोन अटी जोडलेल्या आहेत: शक्य असेल तर, आणि तुमच्याकडून होईल तितके. आपल्याकडून होईल तितके झाल्यावरही तो ऐकत नसेल तर महानगरपालिकेकडे जाण्यात पाप नाही.

नंतरचे दिवस

समेट झाला म्हणजे सगळे पूर्वीसारखे होते असे नाही, आणि तसे व्हावे असा हट्ट धरू नये. वीस वर्षांनी भेटलेले याकोब आणि एसाव गळ्यात पडून रडले, पण त्यानंतर एसाव सेईरला गेला आणि याकोबाने सुक्कोथात घर बांधले. ते पुन्हा एका घरात राहिले नाहीत. पुढे इसहाक वारला तेव्हा मात्र त्याला दोन्ही मुलांनी मिळून मूठमाती दिली, असे उत्पत्तीच्या पस्तिसाव्या अध्यायात आहे. सासूबाई गेल्या त्या दिवशी त्यांना शेवटची साडी आम्ही दोघी जावांनी मिळून नेसवली. आमच्यात आजही पूर्वीची मोकळीक पूर्ण आलेली नाही, पण औषधांच्या खर्चाची ती वही तिने जपून ठेवली आहे.

समोरच्याने दारच उघडले नाही, तर जबरदस्तीने आत शिरू नये आणि दर आठवड्याला निरोपही पाठवू नयेत. एक छोटी चिठ्ठी ठेवावी, तीत आपली चूक तेवढी लिहावी आणि उत्तराची मागणी करू नये. नाताळचा फराळ करताना त्या घरासाठीही करंज्या-चकल्यांचा डबा भरून पाठवावा. तो तसाच परत आला तरी त्याविषयी कोणाशी बोलू नये, आणि पुढच्या वर्षी डब्यांची यादी करताना त्या घराचे नाव गाळू नये.